मोठ्याने केलेली प्रार्थना

‘आमेन’ कुणीच म्हटले नाही.

प्रार्थना संपली आहे, हे सगळ्यांना कळले होते. शेवटचे वाक्य उतरणीला लागून थांबायला हवे तिथे नेमके थांबले होते. त्यानंतर मंडळीने एका सुरात तो एक शब्द म्हणायचा आणि खाली बसताना बाकांची करकर ऐकायची, अशी वर्षानुवर्षांची रीत. पण बाके करकरली नाहीत. उंच खिडक्यांतून उतरलेले सकाळचे ऊन फरशीवर चौकोन होऊन पडले होते. त्या चौकोनांच्या पलीकडे, गायनवृंदाच्या मागच्या रांगेत उभ्या असलेल्या एका मुलीकडे सगळी मंडळी बघत होती. डोळे अर्धवट मिटून, म्हणजे आपण अजून प्रार्थनेतच आहोत असेही दिसावे.

मुलगी सोळा वर्षांची. तिला सगळे खारू म्हणत. लहानपणी ती खाऊ गालात साठवून ठेवायची आणि आता गोष्टी मनात साठवून ठेवते, म्हणून नाव टिकले. प्रार्थना करणारा माणूस तिचा बाप होता.

तो मोटार चालवायला शिकवत असे. उभा जन्म इंजिनाच्या आवाजावरून बोलण्यात गेल्यामुळे ‘हळू’ हा शब्दसुद्धा तो पलीकडच्या चौकात ऐकू जाईल असा उच्चारी. मुक्त प्रार्थनेच्या वेळी, जेव्हा ज्याला वाटेल त्याने उभे राहून देवाशी मोठ्याने बोलायचे असते, तेव्हा मंडळी त्याचीच वाट बघे. आजही त्याने आजाऱ्यांपासून सुरुवात केली, प्रवाशांवरून तो परीक्षार्थींकडे आला, आणि मग, आपल्या विद्यार्थ्यांना तो जे कधीच करू देत नसे ते करून, कसलाही इशारा न देता एकदम वळला.

“आणि हे प्रभू, माझ्या लेकीला हल्ली प्रार्थना करताना तू समोर आहेस असं वाटत नाही. या महिनाअखेरीस तिचं दृढीकरण आहे. तिचा विश्वास तिला परत दे.”

दृढीकरण म्हणजे पाळकांसमोर उभे राहून ‘हा विश्वास आता माझा आहे’ असे स्वतःच्या तोंडाने सांगणे. त्या वर्षी उभ्या राहणाऱ्या मुलामुलींत खारू होती. आणि आता, ती उभी राहण्याआधीच, तिच्या आतली एक बंद खोली सगळ्या मंडळीसमोर सताड उघडी पडली होती.

मागच्या बाकावर एक बाळ शिंकले. दुसऱ्याने उघडे टाकलेले दार हळूच ओढून घ्यावे तसे पाळकसाहेब ‘आमेन’ म्हणाले. ऑर्गन सुरू झाला. खारूने पुढचे गीत पूर्ण गायले. एकही स्वर चुकला नाही. बापाला त्या न चुकण्याचीच धास्ती वाटली.

*

त्याला हे कळले होते ते गुरुवारी, गाडीत.

गाडी ही त्यांच्या घरातली सगळ्यात खासगी खोली होती. घरात माणसांना एकमेकांसमोर बसावे लागते. गाडीत दोघेही पुढे बघतात आणि पुढे बघत बोललेले निम्मे काचेला सांगितल्यासारखे होते. गोदामांमागच्या मोकळ्या मैदानात तो तिला शिकवत असे. त्याच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायापाशीही एक ब्रेक होता. खारूने सफाईने वळण घेतले आणि वळता वळता म्हणाली, “बाबा, तुला एक सांगू? मला हल्ली प्रार्थना करताना समोर कुणी आहे असं वाटतच नाही.”

गाडी गचकन थांबली. इंजिन बंद पडले.

“काय झालं? काही आडवं आलं का?”

“नाही.”

“मग ब्रेक का मारलास?”

“सवय.”

ती इतकी हसली की तिला स्टेअरिंगवर डोके टेकावे लागले. मग तिने उरलेलेही सांगून टाकले. आधी कुणीतरी ऐकतेय असे वाटायचे. आता बोललेले खोलीभर हिंडून पुन्हा आपल्याकडेच येते. वाईट वाटते असे नाही. पोकळ वाटते, सामान हलवलेल्या खोलीत वाटते तसे.

“आणखी कुणाला बोललीस?”

“नाही. आईला सांगेन. आधी तुला सांगितलं.”

‘आधी तुला’ या दोन शब्दांत केवढे देणे होते! पण त्याला फक्त धोका ऐकू आला. रविवारपर्यंत त्याने ते जिभेखाली निखारा धरावा तसे धरून ठेवले. बायकोला सांगितले नाही, पाळकसाहेबांना नाही, एवढेच काय, गाडी धुताना तो ज्याच्याशी सगळे बोले त्या शेजाऱ्यालाही नाही. त्याने ते फक्त देवाला सांगितले. देवाला सांगणे म्हणजे कुणाला सांगणे नव्हेच, असा त्याचा प्रामाणिक समज होता. डोळे मिटले की कानही मिटतात, असे धरून तो चालला होता.

त्या रविवारी चर्चमधून घरी जाताना खारू मागच्या सीटवर बसली. खारूची आई बस स्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसे. आठवडाभर लोकांना उत्तरे देऊन रविवारी ती शब्द फार जपून वापरी. शेवटचा सिग्नल लाल झाला तेव्हा ती म्हणाली, “काय रे, देवाला ऐकायला कमी येतं का?”

“अगं, मी तिच्यासाठीच...”

“तिच्यासाठी होतं ना? मग आम्हाला कशाला ऐकवलंस?”

“राहू दे आई,” मागच्या सीटवरून आवाज आला. “त्यांनी माझ्या भल्यासाठीच केलं.”

त्यांनी! बापाने आरशात पाहिले. खारू खिडकीबाहेर बघत होती; चेहरा स्वच्छ पुसलेल्या पाटीसारखा. त्या दिवसापासून तिने बापाला अहोजाहो सुरू केले. ‘तुम्ही चहा घेणार का?’ ‘तुमची किल्ली इथे आहे.’ ‘आभारी आहे.’ ना दारे आपटणे, ना रडणे, ना उलट बोलणे. लेकीच्या तोंडचा एवढा आदर त्याला जन्मात कधी झोंबला नव्हता.

*

मंडळी प्रेमळ होती, आणि पंचाईत तीच होती.

सोमवारी ऑर्गन वाजवणाऱ्या काकू झाकणाच्या भांड्यात गरम सूप घेऊन आल्या, जणू शंका हा तापाचाच एक प्रकार. मंडळीच्या चिटणीसकाकांनी फोन केला. “अहो, घाबरू नका. आमच्या भाच्याचं अगदी असंच झालं होतं. पोहायला घातला. आता पाळक व्हायला शिकतोय.” तरुणांच्या विश्वासाविषयीची एकच पुस्तिका वेगवेगळ्या घरांतून येत राहिली; आईने त्या फळीवर ओळीने लावल्या आणि म्हणाली, “आणखी थोड्या आल्या की दुकानच काढू.” कुणी खारूच्या डोक्यावरून हात फिरवला, कुणी तिचे हात हातात घेतले, कुणी नुसतेच खोल श्वास सोडून गेले. खारूने सगळ्यांचे आभार मानले. आलेले सूप तिने बापाच्या पुढ्यात ठेवले. “तुम्ही घ्या. तुमचा घसा बसला असेल.”

बापाने चमचा उचलला आणि परत ठेवला.

गुरुवारी गाडी शिकायला ती आली नाही. “सध्या अभ्यास आहे. तुम्ही तुमच्या विद्यार्थ्यांना वेळ द्या.” शनिवारी तरुण संघाच्या बैठकीलाही गेली नाही. ती जागा तिची सगळ्यात लाडकी; तापातही तिने ती चुकवलेली नव्हती. “सगळे माझ्याकडे आजाऱ्यासारखे बघतील,” एवढेच ती आईला म्हणाली.

त्या संध्याकाळी तो गाडीत एकटाच बसून राहिला. बाजूची, शिकणाऱ्याची सीट रिकामी होती आणि काचेवर संध्याकाळचा राखी उजेड थरथरत होता. तिच्या विश्वासाची भीती केव्हाच मागे पडली होती. देव आपले बघून घेईल, देवाला घाई नसते. पण सोळा वर्षांच्या मुलीने एकदा दिलेले आणि असे उधळले गेलेले काही ती पुन्हा देईल का? उद्या खरोखर काही झाले, मन मोडले, वाट चुकली, तर ती ‘आधी तुला’ म्हणत येईल का, की आभार मानून बाजूने निघून जाईल? हे त्याला देवाला विचारायचे होते. पण ओठ उघडायची त्याला आता धास्ती वाटत होती.

*

तरुण संघ चालवणारी बाई दातांची डॉक्टर होती. मुले तिला दाढताई म्हणत आणि तिला ते आवडे. एवढ्या सगळ्यांत त्यांच्या घरी न आलेली, फोन न केलेली ती एकटीच. म्हणून सोमवारी दुपारी, डावीकडचा वरचा दात ठणकतोय असे खोटे सांगून, बाप तिच्या दवाखान्यात जाऊन खुर्चीत आडवा झाला.

“आ करा.”

त्याने केला.

“दात उत्तम आहेत,” ती आरसा आत घालून म्हणाली. “तरी तोंड मिटू नका. माझं बोलून होऊ दे. दिवसभर माझ्यासमोर माणसं तोंड उघडून बसतात आणि एकही शब्द बोलत नाहीत. शनिवारी पोरं तोंड मिटून बसतात आणि सगळं सांगतात. तुमचं नेमकं उलटं आहे. तुम्ही तोंड उघडलंत की सगळ्या गावाला कळतं.”

“आं...”

“हो, हेतू चांगला होता. मला माहीत आहे. तोच तर वांधा आहे. वाईट हेतू असता तर पोरीला भांडता आलं असतं.”

त्याने हाताने खूण केली. तिने आरसा बाहेर काढला.

“मी माफी मागणार आहे,” तो घाईने म्हणाला. “येत्या रविवारी. मुक्त प्रार्थनेच्या वेळी उभा राहून सगळ्यांसमोर सांगतो की माझं चुकलं.”

“आ करा.”

“पण...”

“आ. लाउडस्पीकरवर दुखवलंत, आता लाउडस्पीकरवरच मलम लावणार? परत सगळे तिच्याकडेच बघणार. या वेळी डोळे पूर्ण उघडून.”

तो छताकडे बघत राहिला. तिथे तिने लहान रुग्णांसाठी ढगांचे चित्र चिकटवले होते. एका ढगाला कुणीतरी दात काढलेले होते.

“आमच्या शनिवारच्या खोलीत एकच नियम आहे,” ती पुढे म्हणाली. “मुलांनीच केलेला. इथं ऐकलेलं इथंच राहतं. प्रार्थनेतसुद्धा बाहेर न्यायचं नाही.”

“प्रार्थनेतसुद्धा?” आरसा तोंडात असताना त्याला जमले तेवढे त्याने विचारले.

“विशेषतः प्रार्थनेत. मोठी माणसं चहाड्या कशा करतात हे मुलांनी बरोबर ओळखलंय. ‘अमक्यासाठी प्रार्थना करा हं, त्याचं काय झालंय ठाऊक आहे ना?’” तिने हातमोजे काढले. “आणि तिला वाटतंय त्याचं म्हणाल, तर दुधाचा दात हलायला लागला म्हणून आपण तो चिकटवत बसत नाही. ही उपमा मी दर वर्षी वापरते. पोरं कंटाळलीत, पण तुम्ही नवीन आहात.”

तो उठून बसला. “मग मी करू तरी काय?”

“शनिवारी या. खुर्च्या मांडा, चहा ठेवा, कप धुवा. तिच्याबद्दल काही विचारायचं नाही, तिला काही विचारायचं नाही. मोठ्या माणसाने त्या खोलीत असावं आणि नसावंही, असं आमचं काम आहे. जमेल?”

“जमेल,” तो मोठ्याने म्हणाला. बाहेर बसलेल्या रुग्णांनी दचकून वर पाहिले.

*

चर्चच्या तळघरातल्या त्या खोलीत कुठल्याच दोन खुर्च्या एकमेकींसारख्या नव्हत्या. कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून, कुणाच्या कचेरीतून, एक तर न्हाव्याच्या दुकानातून आलेली, गोल फिरणारी. तिच्यासाठी दर शनिवारी भांडण होई. एका बाजूला कप धुण्यापुरती छोटी मोरी. मध्ये दाराची चौकट होती, दार नव्हते.

पहिल्या शनिवारी त्याच्यावर खटला चालला. दातांना तारा लावलेली एक उंच मुलगी होती, तिला सगळे वकीलबाई म्हणत. ती फिरत्या खुर्चीत बसून गंभीरपणे त्याच्याकडे वळली.

“काका, खोलीतल्या सदस्याची गोष्ट तुम्ही बाहेर नेलीत. मान्य?”

“मान्य. पण मला नियम माहीत नव्हता.”

“सिग्नल तोडल्यावर ही सबब चालते का?”

“नाही चालत.”

“तुम्ही तुमच्या विद्यार्थ्यांना काय सांगता?”

“की... पाटी दिसली नाही हा ज्याचा त्याचा दोष.”

खोली हसली. दाढताई खाली बघून बिस्किटाचा पुडा उघडत राहिली. “शिक्षा,” वकीलबाई म्हणाल्या, “कप. आम्ही सांगेपर्यंत. आणि कान तुटलेला निळा कप जपून. तो संस्थापक आहे.”

खारू तिथे नव्हती. तरी त्याने कप धुतले, आणि धुताना सवयीने त्यांना सूचनाही दिल्या. ‘डावीकडे घे. अजून. बस, सरळ.’ ते मुलांनी ऐकले, आणि आठवडाभर शाळेच्या रस्त्यावर कप चालवण्याच्या नकला झाल्या. त्या नकला खारूपर्यंत पोहोचायच्या त्या पोहोचल्याच. बापाचे हसे झालेले ऐकून ती आधी रागावली, मग तिला हसू आले, आणि हसू आल्याचा राग आला, असे आईने नंतर सांगितले.

पुढच्या शनिवारी ती आली. बापाला नुसती मान हलवून तिने फिरती खुर्ची बळकावली, आणि कुणीही भांडले नाही. त्याबद्दल ती चिडून म्हणाली, “भांडा की! मी काय आजारी आहे?” लगेच दोघांनी तिला खुर्चीवरून ढकलून दिले, आणि खोली पुन्हा खोलीसारखी झाली.

चहा झाला. कप मोरीत आले. आत खुर्च्या गोलात सरकल्याचा आवाज झाला, मग शांतता पसरली. ही शांतता त्या रविवारच्या शांततेसारखी नव्हती. ती ओंजळीसारखी होती, कुणीतरी काही ठेवील म्हणून एकत्र धरलेली. त्या शांततेत खारूचा आवाज आला.

“मला त्या रविवारबद्दल बोलायचंय. आणि त्याच्या आधीचंही.”

बापाचा हात कपात तसाच थांबला. चौकट हाताच्या अंतरावर होती. खारू त्याच्याकडे पाठ करून बसली होती आणि तिचा आवाज स्वच्छ, न थरथरता येत होता. जे जाणून घेण्यासाठी हे सगळे दिवस तो तडफडला होता, ती काय मानते, कुठे दुखले, बापाबद्दल काय वाटते, ते सगळे आता त्या चौकटीतून चालत त्याच्याकडे येणार होते. त्याने काही करायचेही नव्हते. नुसते उभे राहायचे होते.

त्याने नळ पूर्ण सोडला.

पाण्याची धार पत्र्याच्या मोरीवर आदळली आणि तिच्या आवाजात पलीकडचे सगळे विरघळून गेले. त्याने कप धुतले. मग बशा धुतल्या. मग तेच कप पुन्हा धुतले. किटली धुतली, किटलीचे झाकण धुतले, कुणी कधीही न वापरलेला फुलदाणीसारखा एक जग धुतला. बाह्या कोपरापर्यंत भिजल्या. मधूनच पाण्यावरून हसण्याचा एक तुकडा तरंगत आला, आणि कोण हसले हेही ओळखायचे नाही म्हणून तो डोके आणखी खाली घालून घासत राहिला. त्याला वाटले, इतके दिवस आपण देवापुढे केवढा आवाज करत आलो. हाही आवाजच, पण यात आपला एकही शब्द नाही.

“बाबा, टाकी रिकामी करणार आहेस का?”

खारू चौकटीत उभी होती. मागे खुर्च्या आवरल्या जात होत्या. त्याने नळ बंद केला.

“कप एकदाच धुतात,” ती म्हणाली.

“ऐकू येत होतं.”

“काय?”

“तू बोलायला लागलीस ते. पुढचं नाही.”

तिने नळाकडे पाहिले, त्याच्या भिजलेल्या बाह्यांकडे पाहिले, मग खुंटीवरचा रुमाल ओढून निळा कप पुसायला घेतला. त्याने माफीचे भाषण तयार ठेवले होते. त्यात तीन मुद्दे होते आणि शेवटी एक वचनही होते. त्यातले काहीच आठवले नाही.

“खारू, ते तुझं होतं. मी उचलून नेलं.”

“हो.”

“चुकलं माझं.”

“हो.”

“नुसतं हो?”

“मग काय, नाही म्हणू?” ती म्हणाली आणि तिचा ओठ एका बाजूने हलला. “मला वाटलं होतं की तुला सांगितलं म्हणजे तिजोरीत ठेवलं. तू तर घंटाच निघालास.”

तो हसला. हसताना त्याच्या डोळ्यांत पाणी आले. बाह्यांना पाणी होतेच, त्यामुळे ते खपून गेले.

“मी मोठ्याने का प्रार्थना करतो, सांगू?” तो कपांकडे बघत म्हणाला. “गप्प बसलो की मलाही कधी कधी समोर कुणी नाही असं वाटतं. बोलत राहिलं की भीती कमी होते.”

खारूचा हात थांबला. “तुला?”

“मला.”

“मग हे तेव्हा गाडीत का नाही सांगितलंस?”

“ब्रेक मारण्यात वेळ गेला.”

आता मात्र ती मोठ्याने हसली, इतकी की आतून दाढताईने डोकावून पाहिले आणि काही न विचारता परत गेली. मग पुसलेले कप फळीवर लावता लावता, त्याच्याकडे न बघता, खारू सांगू लागली. ती कालच पाळकसाहेबांना भेटून आली होती. या वर्षी ती दृढीकरणाला उभी राहणार नव्हती. ती चर्चला येणार होती, गाणार होती, शनिवारी इथेही येणार होती. फक्त उभे राहून ‘हा विश्वास माझा आहे’ असे म्हणणार नव्हती, कारण खोटे बोलून सुरुवात करायची नव्हती. पाळकसाहेब ‘बरं’ म्हणाले होते, आणि हे तुझ्या-माझ्यातच राहील असेही म्हणाले होते.

“गाताना मात्र वेगळं होतं,” ती म्हणाली. “समोर कुणी नसतं. पण मागे कुणीतरी थांबलंय असं वाटतं. वळून बघितलं तर नसणार, म्हणून मी वळत नाही. हे चालतं का रे?”

त्याच्या जिभेवर आयती उत्तरे रांग लावून उभी होती. पाठांतर चांगले होते त्याचे. त्याने ती सगळी तिथेच उभी ठेवली.

“मला माहीत नाही,” तो म्हणाला. “पण ऐकायला छान वाटलं.”

“आणि मी उभी राहणार नाही हे?”

ते मात्र छान वाटले नव्हते. तिच्यासाठी शिवायला टाकलेला पांढरा पोशाख, दूरच्या आत्याला गेलेले आमंत्रण, पहिल्या बाकावर बसायची आपली जागा, हे सगळे त्याच्या चेहऱ्यावरून एकामागून एक सरकत गेले असणार.

“बरं,” तो म्हणाला.

“एवढंच?”

“आत बरीच धावपळ चालू आहे. बाहेर एवढंच.”

“आईला मी सांगते. बाकी कुणाला सांगायचं नाही. वेळ आली की मी माझं बघेन. आत्यालासुद्धा मीच कळवणार. आणि देवाला मोठ्याने तर अजिबात नाही.”

“मनात सांगितलं तर?”

तिने विचार केला. “मनात चालेल. पण ओठ हलवायचे नाहीत.”

*

दृढीकरणाच्या आदल्या रविवारी उपासना संपल्यावर मंडळी नेहमीप्रमाणे पायऱ्यांवर रेंगाळली होती. मुक्त प्रार्थनेत बाप उभा राहिला नव्हता. त्याच्या जागी उठलेल्या एका आजोबांचा आवाज इतका बारीक होता की मंडळी पुढे वाकून ऐकत होती. बाप न उठल्याची सगळ्यांना चुटपुट लागली होती. खाली रस्त्याच्या कडेला गाडीपाशी खारू आणि तिची आई, गाडी काढताना आरसा आधी बघायचा की पट्टा आधी बांधायचा, यावर वाद घालत होत्या. आरसा आधी, असे खारूचे म्हणणे. आई ऐकत नव्हती.

“काय हो!” चिटणीसकाकांनी बापाच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचा आवाजही काही कमी नव्हता. आजूबाजूच्या चारदोन जणांचे बोलणे आपोआप थांबले. सूपवाल्या काकू एक पायरी वर सरकल्या. “बरेच दिवस विचारीन म्हणतोय. आम्ही सगळे रोज प्रार्थना करतोय हं. सांगा तरी, पोरीचं काय झालं? पुढच्या रविवारी उभी राहणार ना?”

माणसे प्रेमाने बघत होती. त्यांच्या चेहऱ्यांवर खरेच काळजी होती, आणि थोडीशी भूकही. बापाला सगळे शब्द येत होते. ‘देवाची इच्छा’ म्हणता आले असते, ‘बघू या’ म्हणता आले असते, नुसते ‘हो’ म्हणून आठवडाभराची सुटका करून घेता आली असती. ‘नाही’ म्हटले असते तर चार हात पुन्हा खाली गाडीच्या दिशेने, त्या मुलीच्या डोक्यावर फिरायला निघाले असते. खारूने वाद थांबवून वर पाहिले होते. इतक्या लांबून तिला ऐकू जात होते की नाही, कोण जाणे.

त्याने चिटणीसकाकांचा हात खांद्यावरून अलगद उतरवला, दोन्ही हातांत घेऊन प्रेमाने दाबला, आणि सोडला. मग सूपवाल्या काकूंना वाट देत, ओठ मिटलेले ठेवून, तो पायऱ्या उतरू लागला.